पंधरा दिवस म्हणजे अडीच महिने: नांदेडचं पेटी दुरुस्तीचं दुकान

पाचपैकी चार तारे. पाचवा तारा जिन्यानं घालवला. बारा लाकडी पायऱ्या, कठडा नाही, आणि शेवटच्या पायरीवर बरोबर कपाळाच्या उंचीला तुळई. बासष्टाव्या वर्षी भाच्याच्या खांद्यावर पेटी, म्हणजे हार्मोनियम, देऊन मी पायऱ्यांना हात टेकत चढले, तेव्हाच ठरवलं की काम कितीही चांगलं झालं तरी एक तारा कापायचा. मी एकतीस वर्षं सहकारी बँकेत लिपिक होते. ठरवलेला हिशेब बदलत नाही.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण दुकानाला नाव नाही. पाटीसुद्धा नाही. उस्तादांचं नाव लिहू का विचारलं तर त्यांनी हात जोडले. "नक्को बाजी, जो काम पड़ा है वोच नहीं होरा." जुन्या नांदेडात आहे, सचखंड गुरुद्वाऱ्यापासून चालत जाता येतं, इतकं सांगते. ज्याला खरंच गरज आहे त्यानं गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणाऱ्या रागी मंडळींना विचारावं, ते दारापर्यंत आणून सोडतात. मलाही तसंच सापडलं. दुकानात पेट्यांची रांग बघितली की नांदेड कळतं. एक रागी जथ्याची, एक लोह्याकडच्या भजनी मंडळाची, एक कंधारच्या उरुसात गाणाऱ्या कव्वालांची. तिन्ही एकमेकींवर रचलेल्या, मध्ये पोत्याचा तुकडा.

आता आमच्या पेटीचं. साडेतीन सप्तकं, बेचाळीस पट्ट्या, दुहेरी सूर. म्हणजे प्रत्येक पट्टीखाली दोन पितळी सूर, एक खर्जाचा आणि एक नर. बेचाळीस दुणे चौऱ्याऐंशी. आमचे हे म्हणायचे, "चौऱ्याऐंशीचा फेरा कुणाला चुकलाय? मी तर बसल्या जागी रोज करतो." त्यांनी ती १९८९ साली पूर्णेला घेतली. पूर्णा तेव्हा मीटर गेजचं मोठं जंक्शन. रेल्वेतले एक ड्रायव्हर निवृत्त होऊन तिकडे दक्षिणेत आपल्या गावी चालले होते, त्यांनी नऊशे रुपयांना दिली. ते नऊशे रुपये घरावरच्या पत्र्यांसाठी ठेवलेले होते. हे मला कधी कळलं, तर पेटी रिक्षातून उतरली तेव्हा. त्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात तीन ठिकाणी भांडी ठेवून आम्ही दिवस काढले, आणि थेंब पडला की हे बाहेरच्या खोलीतून सांगायचे, "पातेल्याचा गंधार लागला बघ." पातेलं फेकून मारायचं तेवढं मी बाकी ठेवलं होतं.

मला सूर कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. हे म्हणायचे की हिच्या कानाला फक्त चिल्लर वाजलेली कळते. तेव्हा ह्या परीक्षणात सुरांबद्दल जे काही आहे ते उस्तादांनी सांगितलेलं किंवा ह्यांच्याकडून पस्तीस वर्षं कानावर पडलेलं आहे.

हे जाऊन यंदाच्या आषाढात तीन वर्षं झाली. पेटी पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. श्रावणात गल्लीतल्या सप्ताहाची पोरं मागायला आली, मी दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आणून ठेवली. "काकू, पेटी गेली." गेली हा शब्द मला चालला नाही. वस्तू बिघडते, जात नाही.

आधी एका वाद्यांच्या दुकानात नेली. गाव आणि दुकान सांगत नाही. तिथल्या माणसानं उभ्या उभ्या दोनदा भाता मारला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, भंगार आहे, पाचशे रुपयांत ठेवून जा, नवी घ्या. त्याच्या मागे चकचकीत नव्या पेट्या लावलेल्या होत्या. मी बँकेत होते, ज्याला विकायचंय त्याचं मूल्यांकन धरायचं नसतं एवढं मला कळतं. पेटी उचलली आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं भाच्याला घेऊन नांदेड गाठलं.

उस्ताद सत्तरीच्या पुढचे. चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. त्यांनी पेटी वाजवून बघितलीच नाही. चादर काढली, पेटी उलटी फिरवली, पाठ आपल्याकडे घेतली आणि खिडकीच्या उजेडात नुसती बघत बसले. मग भात्याच्या फळीवरून तळवा फिरवला. मला वाटलं, धूळ पुसतायत.

"बजाने वाले कौन थे?"

"आमचे हे."

"थे?"

मी मान हलवली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग फळीच्या वरच्या काठावर बोट ठेवलं. तिथं डाव्या बाजूला पॉलिश उडून लाकूड पांढरं पडलेलं होतं, चार बोटांच्या अंतरानं. ते म्हणाले, ही झीज वाजवणाऱ्याची, सगळ्या पेट्यांना असते. आणि मग त्यांनी फळीच्या मधोमध बोट नेलं. तिथंही एक झिजलेली जागा होती, बरोबर तळव्याएवढी, पाण्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत. मी ती पेटी तीस-पस्तीस वर्षं पुसली, पण ती जागा मला दिसली नव्हती.

"वाजवणाऱ्याचा तळवा इथं येतच नाही, बाजी. हे समोर बसून हवा देणाऱ्याचं आहे. समोर कोण बसायचं?"

मी म्हटलं, हेच बसायचे. दोन्ही बाजूंना हेच.

आणि मग त्या जिन्यावरच्या खोलीत, दोन स्टुलांपैकी बऱ्या स्टुलावर बसून, जे मी मुलांनाही कधी सलग सांगितलं नाही ते एका अनोळखी माणसाला सांगितलं. म्हणून इथंही लिहिते. पेटी कशामुळे इतकी जपून वापरलेली निघाली ते त्याशिवाय कळणार नाही.

ह्यांचं गाव गंगाखेडच्या पुढं. वडील सालगडी. पाडव्याला साल ठरायचं, अमुक पोती ज्वारी, एक धोतरजोडी, एक वहाण, आणि वर्षभर माणूस वाड्याचा. हे चौथे भाऊ. घरात सणाशिवाय गोड म्हणून काही नव्हतं. गावच्या मारुतीच्या देवळात गुरुवारी आणि एकादशीला भजन, आणि भजनानंतर खिरापत: शेंगदाणे आणि गुळाचा खडा. हे नऊ वर्षांचे असतील तेव्हा. लोक ह्यांना विचारायचे, गाण्याची गोडी कशी लागली? हे सरळ सांगायचे, "गोडी गुळाची लागली. गाणं नंतर."

देवळातली पेटी निजामाच्या काळात हैदराबादहून आणलेली. वाजवणारे बुवा एका हाताचे, म्हणजे डावा हात जिनिंगच्या पट्ट्यात सापडून निकामी झालेला. परभणीकडे तेव्हा कापसाच्या जिनिंगा पुष्कळ, आणि असे हातही. उजव्या हातानं पट्ट्या बुवांच्या, पण भाता कोण मारणार? म्हणून पुढ्यात एक पोरगं बसवायचे. ते पोरगं पेंगलं की दुसरं. हे पेंगले नाहीत, कारण खिरापत जागं असणाऱ्याला मिळायची. असं करत करत भाता कायमचा ह्यांच्याकडं आला. एकच नियम: पट्ट्यांना हात लावायचा नाही.

तीन वर्षं ह्यांनी त्या पेटीत नुसता वारा भरला. बुवांची बोटं समोर दिसायची, पण समोरून. म्हणजे बुवांच्या डावीकडचं खर्ज ह्यांच्या उजवीकडं. सगळ्या चाली ह्यांनी अशा उलट्या पाठ केल्या. हे पुढं मोठेपणी ही गोष्ट सांगताना हवेत बोटं नाचवून दाखवायचे, आणि मला त्यातलं काही कळायचं नाही, पण ते उजवीकडून डावीकडं चढत जायचे एवढं दिसायचं.

त्यांना एकदा कुठल्याशा दिवाळी अंकात वाचायला मिळालं की आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, मींड निघत नाही, म्हणून आपल्या गाण्याला ती चालत नाही असं त्या लोकांचं म्हणणं. बंदी सैल झाली ती १९७१ मध्ये. हे वाचून ह्यांना इतका आनंद झाला की आठवडाभर येईल त्याला सांगत सुटले. "म्हणजे मी देवळात वारा भरायलो होतो तेव्हा तिकडं बंदी होती. आपण तर गुन्हेगारच की!" मग आप्पा जळगावकरांनी भीमसेनांच्या मागं काय साथ केली त्याची कॅसेट लावायची आणि पाहुण्याला म्हणायचं, ऐका, ह्याच्यावर बंदी होती. पाहुण्याला चहा हवा असायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ. आमच्या वयाच्या मराठवाड्यातल्या माणसाला हा नुसता आकडा पुरतो, पण ह्यांची आठवण जरा वेगळी होती. हे विहिरींचं, जनावरांचं सांगायचे नाहीत. म्हणायचे, जातं बंद झालं. सासूबाई पहाटे दळताना ओव्या म्हणायच्या. गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव, तिथल्या बायकांना जात्यावर गप्प बसताच येत नाही. रेशनवर तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, यायच्या आधीचे दोन-अडीच महिने घरात दळायलाच काही नव्हतं. "पहाटे जाग यायची आन् काहीच ऐकू यायचं नाही," असं म्हणायचे. त्या मिलोची भाकरी पुढं आयुष्यभर त्यांना आठवली तरी तोंड कडू व्हायचं. ताटात ज्वारीची भाकरी जरा लालसर दिसली की पहिला घास थांबवून मला विचारायचे, कुठली गं ही?

रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. बहात्तरला नुसतं दुष्काळी काम म्हणायचे. सासूबाई रस्त्याच्या खडीवर होत्या. अकरा वर्षांच्या पोराचं नाव हजेरीत लागायचं नाही, पण खडी ब्रासवर मोजली जायची, मग ती कुणी फोडली हे कोण विचारतो? हे आईच्या ढिगावर बसून फोडायचे. डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून. तरी डाव्या तर्जनीचं पेर कायमचं वाकडं झालं. दुपारी सुकडी मिळायची, ती अर्धी खायची आणि अर्धी धाकट्या बहिणीसाठी टोपीत बांधून घरी.

त्याच उन्हाळ्यात बुवा जगायला गेले. निजामाबादकडं गेले म्हणतात, परत आले नाहीत. पेटी देवळात तशीच. दिवसभर खडी फोडून आलेला हा पोरगा रात्री देवळात जाऊन पहिल्यांदा पेटीच्या ह्या बाजूला बसला. आणि सगळं उलटं! जिथं चढायचं तिथं बोट उतरायचं. सहा महिने लागले सुलटं करायला. सासूबाई एकदा त्यांना शोधत कंदील घेऊन देवळात आल्या, आणि म्हणाल्या, "कामून मरायलास रं, त्या वाऱ्यानं प्वाट भरतंय व्हय?" हे म्हणायचे, खरं सांगायचं तर त्या रात्री भरलं होतं. मी म्हणायचे, भरलं नव्हतं, सुकडी बहिणीला दिली नसती तर भरलं असतं. असे आमचे संवाद.

पुढचं थोडक्यात. तेराव्या वर्षी परभणीला स्टेशनजवळ एका हॉटेलात कपबशा विसळायला. तिथं रेडिओ होता, परभणी आकाशवाणी लागायची, सकाळचे अभंग पाठ झाले. रात्रशाळेत दहावी. मग कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजंदारी, बऱ्याच वर्षांनी कायम. ज्वारीच्या प्लॉटवर पाखरं राखायला गोफण घेऊन बसलेला हा माणूस पाखरं उडवायचं सोडून गात बसतो अशी तक्रार साहेबांकडं गेली होती. साहेब गाण्याचे शौकीन निघाले. असंही होतं कधीकधी.

आणि घरी पेटी आल्यावर ह्यांनी गल्लीतल्या पोरांना शिकवायला सुरुवात केली. फुकट, हे सांगायला नकोच. पोरगं पेटीसमोर बसवायचं आणि स्वतः पलीकडून भाता मारायचा. "तू वाऱ्याची काळजी करू नको, तू पट्ट्या बघ." सगळी शिकवणी एवढीच. रोज संध्याकाळी दोन तास. मी आत भाकऱ्या थापत असायचे आणि मनात म्हणायचे, पोरांना आयतं देतोय हा माणूस. हाताखालची ती जागा झिजत होती ती तेव्हा.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा नातवाला चहा आणायला पाठवलं. मग भाता उघडून कोपरे दाखवले. म्हणाले, लोक भात्याला झटके देतात, त्यांचं चामडं आधी डाव्या कोपऱ्यात फाटतं. रागी असो, कव्वाल असो, कोपरा फाटतोच. हा भाता बघा. चामडं वाळून गेलंय, पण फाटलं कुठंच नाही, सगळीकडं सारखं विरलंय. "ऐसा हाथ मैंने दो-तीनच देखे. आपके साहब को हवा देना आता था." वाजवणं कसं होतं याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

आता कामाबद्दल, कारण हे परीक्षण आहे.

पेटी खोलली तर आत कडुनिंबाचा पाला निघाला, चुरा झालेला. कसर लागू नये म्हणून ह्यांनी ठेवलेला. तरी पट्ट्यांखालची बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, कसरीनं खाल्लीच होती. थोडे ज्वारीचे दाणे, एक मेलेलं झुरळ. दोन पट्ट्या खाली बसत होत्या, त्यांच्याखाली एसटीच्या तिकिटांच्या घड्या सारलेल्या. परभणी ते गंगाखेड, जुनी, टोचून द्यायचे तसली. आणि भात्याच्या आतल्या घडीवर एक ठिगळ. उस्तादांनी ते डिंकातून हळूहळू सोडवलं आणि उजेडात धरलं. हिरवा खण, लाल काठ.

तो खण मी ओळखला. १९९३ साली लेकीच्या बारशात माझ्या आईनं ओटीत घातलेला. तो ट्रंकेतून नाहीसा झाला, आणि मी एकतीस-बत्तीस वर्षं मनात धरून होते की धाकट्या जावेनं उचलला. तोंडानं कधी बोलले नाही, पण तिच्या लेकीच्या लग्नात मी आहेर थोडा हातचा राखून केला होता, हे माझं मला माहीत. भाच्यानं तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. जाऊ म्हणाली, "ताई, कोणता खण?" मग अर्धा तास आम्ही दोघी त्या दुकानात हसत होतो, म्हणजे ती फोनमध्ये. उस्तादांनी खण एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला. डिंकानं पुठ्ठ्यासारखा कडक झालाय. कशालाच उपयोगाचा नाही.

चौऱ्याऐंशीपैकी सात सूर मेलेले निघाले, बाकीचे नुसते उतरलेले. जुळणी कशी करतात ते मी पहिल्यांदा बघितलं. पितळेची बारीक जीभ असते, एका टोकाला खिळलेली. मोकळ्या टोकाला किंचित खरवडलं की जीभ हलकी होऊन सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. केसाएवढं. जास्त खरवडलं तर जीभ कमजोर होते आणि एक दिवस वाजता वाजता तुटते. म्हणून ते एक-दोनदा खरवडतात, सूर परत बसवतात, ऐकतात, पुन्हा काढतात. चौऱ्याऐंशी वेळा हे. नातवाच्या मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप आहे, त्याचा काटा उस्ताद एकदा बघतात आणि मग मोबाईल पालथा ठेवून कानानंच पुढं जातात. नवे सूर घातले त्या सात जागा सोडून बाकी सगळे जुनेच ठेवले. "जुना पितळ है, ये अब नहीं मिलता." ज्या दुकानात भंगार म्हणाले होते तिथं हे सूर काढून घेतले असते, असा माझा संशय आहे. सिद्ध करता येणार नाही.

बिल लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला लिहून मिळालं. भात्याचं चामडं चौदाशे, बनात साडेतीनशे, सात सूर साठ रुपयांप्रमाणे चारशे वीस, जुळणी बाराशे. बेरीज त्यांनी तीन हजार दोनशे सत्तर लिहिली होती. मी शंभर रुपयांची चूक दाखवली, ती त्यांच्याच तोट्याची होती. ते हसले आणि तीन हजार तीनशे घेतले. पॉलिश करू का विचारलं होतं, मी नको म्हटलं. मी कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र काही खरं नाही. पंधरा दिवस म्हणाले. पंधरा दिवसांनी गेले तर शुक्रवार, दुपारी नमाजसाठी दुकान बंद, अडीच वाजेपर्यंत मी खाली पायरीवर बसले. उघडल्यावर कळलं की पेटी अजून तशीच उघडी पडलीय. नवरात्रात गेले तर सगळी दुकानभर गुरुद्वाऱ्याच्या दसऱ्याच्या कामाची गर्दी. फोन ते उचलत नाहीत, नातू उचलतो आणि "कल" म्हणतो. शेवटी त्रिपुरी पौर्णिमेला मिळाली. पोळा ते त्रिपुरी, अडीच महिने, नांदेडच्या चार फेऱ्या. वेळेसाठी तारा कापायला हवा होता खरं तर, पण त्या खोलीत पेट्या बघत बसणं मला नको झालं नाही, म्हणून सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र राहिली. आमच्या पेटीचा भाता आधी कुठंतरी गळायचा. हे बसले की सूर लागायच्या आधी एक बारीक फुस्स असा आवाज यायचा, म्हाताऱ्या माणसानं उठताना उसासा टाकावा तसा. मला आत स्वयंपाकघरात तेवढ्यावरून कळायचं की बसले. मला सूर कळत नाही, पण तो आवाज कळायचा. आता भाता एकदम बंदिस्त झालाय, वारा कुठून जात नाही. घरी आणून उघडली तर आधी काहीच नाही, एकदम सूरच. मी फोन केला. नशिबानं उस्तादांनीच उचलला. सांगितलं, असं असं आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, "छेद करके देउं क्या, बाजी?" चेष्टेत म्हणाले की खरंच, ते मला आवाजावरून कळलं नाही. मी म्हटलं, राहू द्या.

चामडं नवं आहे, रोज पाच मिनिटं भाता हलवायचा, नाहीतर आखडतं, असं त्यांनी बजावलंय. मला खाली मांडी घालून बसवत नाही. पलंगाला पाठ टेकून बसलं तर जमतं, पण मग पेटीची पाठ माझ्याकडं येते. तशीच बसते. शेजारची तिसरीतली पोरगी शाळेतून आली की पलीकडं बसते आणि वाटेल त्या पट्ट्या दाबते. तिला काही येत नाही, मलाही नाही. माझ्या झटक्यांनी नवा कोपरा फाटेल की काय ही भीती आहे, म्हणून हळू हलवते.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: शुक्रवारी दुपारी जाऊ नका. पेटी उचलायला कुणीतरी तरणाताठा सोबत न्या. खालच्या टपरीचा चहा बरा आहे. पैसे रोख, फोनवरून घेत नाहीत. आणि शेवटच्या पायरीवर वाका. मी चारही वेळा विसरले.